लुना खरी होती

सोलापूर,
दि. २२ जानेवारी २०२४

तीर्थरूप एकनाथदादास,
भार्गवीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुझा पहिला प्रश्न असतो, गोळी घेतलीस का. माझ्या उत्तरावरून तू ठरवतोस की पुढचं बोलणं किती मनावर घ्यायचं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून कागद.

नवी पेठेतलं दुकान बरं चाललंय. गड्ड्याच्या यात्रेमुळे चादरींना गिऱ्हाईक लई होतं, घड्या घालून घालून मनगटं भरून आली.

परवा गुरप्पा घरी आला होता. मी शिकवायचे त्या शाळेतला शिपाई, तुला आठवत असेल. आता होटगीला मुलाकडं असतो, गुडघे पार गेलेत. खुर्ची दिली तरी खालीच बसला, चहाही घेतला नाही. म्हणाला, बाई, तुमच्या मागं लुनावर यायचा त्यो मीच हुतो की.

पोरांच्या खिचडीचा तांदूळ पोत्यापोत्याने मागच्या दाराने जातो, अशी मी वरती तक्रार केली होती ना, त्यानंतर शाळेच्या अध्यक्षांनी त्याला माझ्या मागावर ठेवलं होतं. सात रस्ता चौकापासून आपल्या दारापर्यंत, रोज, अडीच महिने. म्हणाला, वाटलं तुमी भिऊन कागद मागं घ्याल. तुमास्नी येडं ठरवतील असं न्हाय वाटलं. आता वय झालं, हे घेऊन जायचं न्हाय मला.

दादा, पंधरा वर्षं मी मानत आले की ती लुना माझ्या डोक्यात होती. तुम्ही सांगितलंत, डॉक्टरांनी सांगितलं, शेवटी मीही स्वतःला तेच सांगायला लागले. अजूनही मागे एखादी गाडी थांबली तर मी वळून बघत नाही. बघणं म्हणजे आजार, असं शिकलेय.

लुना खरी होती.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझी,
भार्गवी


नाशिक,
दि. १ फेब्रुवारी २०२४

चि. भार्गवीस,
एकनाथचे अ. उ. आ.

पत्र तीन वेळा वाचलं. तुझं अक्षर अजून शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं आहे, फक्त ओळी थरथरतात. वहिनी म्हणते, तुझ्या दादाला कुणीतरी गप्प बसवलं हे बरं झालं.

रागावणार नसलीस तर एक विचारतो. गुरप्पा आला तेव्हा घरात आणखी कुणी होतं का? शेजारच्या लालबींनी त्याला येताजाताना पाहिलं का? माझ्या मनात वाईट काही नाही. इतक्या वर्षांनी माणूस असं अचानक येऊन सांगतो, म्हणून विचारलं.

आणि गोळ्या एकदम बंद केल्या नाहीस ना? आठ वर्षांपूर्वी तू आपल्या मनाने बंद केल्यास आणि आठ दिवसांत तुला अंथरुणातून उठवेना, हे विसरू नकोस. या वेळी मी लगेच पोहोचू शकणार नाही.

तब्येतीला जप. थोरल्या भावावर राग धरू नये.
तुझा,
दादा


सोलापूर,
दि. १८ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू काय विचारलंस ते कळलं. लालबींनी गुरप्पाला पाहिलं. त्याला जिना उतरायला त्यांनीच हात दिला. पण त्या घरी नसत्या, तर गुरप्पा आलाच नाही असं ठरलं असतं का? त्याचा फोन नंबर खाली लिहिला आहे. तूच विचार.

गोळ्या चालू आहेत. पण आपले जुने डॉक्टर निवृत्त झाले. आता डॉक्टर समरा म्हणून एक तरुण बाई आहेत. त्यांनी माझी जाडजूड फाईल पहिल्या पानापासून वाचली, मी समोर बसलेली असताना. पहिल्या पानावर काय आहे माहीत आहे? भाऊ सांगतो की बहिणीला कुणी पाठलाग करतं असा भास होतो. त्याखाली आजाराचं नाव. मधे एकही ओळ नाही. पुढच्या पंधरा वर्षांची सगळी पानं त्या एका ओळीवर उभी आहेत. त्या बाईंनी मला विचारलं, खरंच कुणी पाठलाग करत होतं का? दादा, हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. मी त्यांना गुरप्पाचं सांगितलं.

त्या गोळ्यांना वाईट म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, तेव्हा बारा रात्री तुम्हाला झोप नव्हती हे खरं, गोळीनं झोप आली हेही खरं. पण घाबरलेल्या माणसाला झोप लागत नाही, आणि तुम्हाला घाबरायला कारण होतं. फाईलमधलं नाव बरोबर आहे की नाही, ते आज सांगता येणार नाही. पाव-पाव गोळी कमी करून बघू, हळू, महिनोन्‌महिने. त्रास झाला तर थांबू.

मी त्यांना हात दाखवले. कपबशी वाजते म्हणून मी पाहुण्यांत चहा घेत नाही, हे सांगितलं. आणि आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही, हेही. तू तेव्हा म्हणालास की भार्गवी किती धीराची. धीर नव्हता रे. आत काही हलतच नव्हतं.

कळावे, आणि खरंच कळावे.
भार्गवी


नाशिक,
दि. १२ मार्च २०२४

चि. भार्गवीस,
अ. आ.

गेल्या रविवारी मी होटगीला जाऊन आलो. फोनवर विचारण्यासारखं ते नव्हतं. गुरप्पाने सगळं सांगितलं. तू कुठल्या दुकानात भाजी घ्यायचीस, कुठल्या दिवशी आईसाठी गजरा न्यायचीस, त्याला अजून पाठ आहे. परतताना आपल्या घराच्या कोपऱ्यापर्यंत आलो. वर दिवा दिसला. तिथूनच स्टेशनवर गेलो. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

आता जे तुला माहीत नाही ते लिहितो. त्या वेळी शाळेचे अध्यक्ष स्वतः मला भेटले होते. फार गोड बोलले. म्हणाले, बहिणीला डॉक्टरकडे न्या, आजारी म्हटलं की तक्रारीचं प्रकरण आपोआप मिटेल, तिच्यावर कारवाई होणार नाही. पंधरा दिवसांवर माझं लग्न होतं. भार्गवी, तू आजारी आहेस असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. आजार असेल तर मला कुणाशी भांडावं लागणार नव्हतं. एकदा, फक्त एकदा, तुझ्याबरोबर सात रस्त्यापासून घरापर्यंत चालत आलो असतो तर ती लुना मलाही दिसली असती.

सोबत डॉक्टर समरांसाठी सही केलेला कागद आहे. त्यात लिहिलंय की पहिल्या दिवशी मी दिलेली माहिती मी तपासलेली नव्हती आणि ती खोटी निघाली. फाईलमध्ये पहिल्या पानाआधी लावा, अशी विनंती केली आहे.

क्षमा कर, असं लिहून दोनदा खोडलं. तुला जे वाटेल ते वाटू दे.
एकनाथ


नाशिक,
दि. ६ मे २०२४

चि. भार्गवीस,
आशीर्वाद.

जवळजवळ दोन महिने झाले. फोन उचलत नाहीस. निरोप वाचलेले दिसतात, उत्तर नाही. लालबींना फोन केला तर त्या म्हणाल्या, कामावर जाती की रोज, जेवती बी, पन तुमचं नाव काढलं की दार लावून घेती.

वहिनी म्हणते डॉक्टरांना कळव, गोळी कमी केल्याचंच हे असणार. माझ्याही मनात तेच आलं. दवाखान्याचा नंबर दोनदा लावला आणि दोन्ही वेळा पलीकडून उचलायच्या आत ठेवला. मागच्या वेळी तुझ्यावतीने डॉक्टरांशी मीच बोललो होतो. आता तुला विचारल्याशिवाय बोलणार नाही. पण काळजीने जीव जातोय, ते लपवत नाही.

कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल.
तुझा,
दादा


सोलापूर,
दि. ९ जून २०२४

ती. दादास,
भार्गवीचा नमस्कार. साष्टांग आज घालत नाही.

मी आजारी नव्हते. मी तुझ्यावर रागावले होते.

आधी मलाही कळलं नाही. तुझं पत्र वाचलं, तुझा कागद दवाखान्यात दिला, घरी येऊन भाकऱ्या थापायला बसले आणि परात भिंतीवर फेकली. पीठ पंख्यापर्यंत उडालं. लालबी धावत आल्या. मला भीती वाटली की हेच ते, आता पुन्हा सगळं सुरू होणार. मग मी रडले. आधी तुझ्या नावाने आणि मग आईच्या. ती जाऊन पाच वर्षं झाली, दादा, आणि मी तिच्यासाठी त्या दिवशी रडले. लालबी शेजारी बसून राहिल्या.

मी स्वतःच डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, मला भावाचा राग येतो, छाती फुटेल एवढा, गोळी वाढवायची का? त्यांनी तुझा कागद पुन्हा वाचला. विचारलं, झोप येते का, जेवता का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. मी खरी उत्तरं दिली. मग त्यांनी फाईलमध्ये लिहिलं आणि ते मला वाचायला दिलं. भावावर राग. कारण आहे. गोळी बदललेली नाही.

मधे एका आठवड्यात खरोखरच झोप उडाली होती. तेव्हा पाव गोळी परत वाढवली, आणि सध्या तिथेच थांबलोय. कदाचित थोडी गोळी कायमची लागेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. काल दुकानात सगळ्यांबरोबर चहा घेतला, कपबशी वाजली, वाजू दिली.

दवाखान्याला लावलेला फोन तू ठेवलास, दोनदा, ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. वहिनींना सांग, त्यांची काळजी पोहोचली.

राग अजून आहे. सकाळी उठले की पहिला तोच येतो. तो जाईपर्यंत थांबू नकोस. तो असतानाच ये.

वाट बघते,
भार्गवी