आमची जमीन, हिवरीचं नाव

मु. बोरगाव, मानवत रोडच्या अलीकडे
माघ वद्य पंचमी, सन १९४५

॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

चि. शिवरुद्र यास अक्काचा आशीर्वाद. इकडे सगळी खुशाल आहेत. तुझ्या भावोजींचा खोकला थंडीबरोबर गेला. जालन्याला तुझ्या जिनिंगची दगदग कमी झाली असेल, तर हे पत्र निवांत बसून वाच. मठातल्या स्वामींनी शिकवलेलं अक्षर आहे, तेव्हा नावं ठेवू नकोस.

आपल्या गंगूचं लग्न ठरलं. वैशाखात आहे. पोरगी माझी असली तरी तुझ्या खांद्यावर वाढली, हे मी सांगायला नको. अक्षता पडताना मामा मागे उभा राहिला पाहिजे, आणि मामा तिला एकच आहे. ती रोज विचारते, "मामा येतील ना?" मी रोज हो म्हणते.

स्थळ चांगलं आहे. मुलगा सेलूला अडतीवर बसतो, शिकलेला आहे, घरात दूधदुभतं आहे. गाव जवळच आहे. गावाचं पुढे लिहिते.

तुला आठवतं का, स्टेशन झालं तेव्हा अप्पांनी विभूती लावून स्वतः जमीन मोजून दिली होती? रेल्वेला फुकट दिली, कारण बोरगावाला गाडी थांबणार होती. मग पाटी आली आणि तिच्यावर 'हिवरी'. शेजारच्या गावाचं नाव, आपल्या रानात. अख्खा गाव चवताळला. तू डांबराचा डबा घेऊन गेलास, पाटीवर ओतलास आणि हिवरीच्या बसवंतरावांना चारचौघांत नावचोर म्हणालास. ते नुसते अप्पांकडे बघत राहिले. अप्पा मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, लाजेने. तुलाही तेच वाटलं असणार, कारण त्याच दिवशी तू शपथ घेतलीस, पाटी बदलेपर्यंत त्या स्टेशनावर पाय ठेवणार नाही, आणि घर सोडलंस. अप्पा वारले तेव्हासुद्धा सेलूला उतरून रानारानाने चालत आलास. मातीला कसाबसा पोचलास.

तू गेलास, पण गावाने तुझा हट्ट धरून ठेवला आहे. अजून कोणी ते नाव तोंडातून काढत नाही. सेलूहून येताना आमची माणसं मानवत रोडचं तिकीट काढतात आणि मध्येच उतरतात. जास्तीचे पैसे जातात ते जातात. सेलूचा तिकीटबाबू आता आम्हाला ओळखतो. बोरगावचे का, म्हणून हसतो. मलाही हसू येतं, पण मी दाखवत नाही.

आता लिहितेच. स्थळ हिवरीचं आहे. मुलगा बसवंतरावांचा नातू.

कागद फाडू नकोस. आधी मीही नाहीच म्हटलं होतं. बसवंतराव आणि त्यांच्या घरच्या चन्नबसम्मा मागणी घालायला स्वतः आले. मी चहा ठेवला नाही. तोंडावर सांगितलं, ज्या घराने आमच्या गावाचं नाव नेलं आणि माझा भाऊ परागंदा केला, त्या घरात पोरगी कशी देऊ? बसवंतराव उठले. टोपी घातली. चन्नबसम्मा मात्र बसूनच राहिल्या.

"गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शब्द यांनी दिला हाय," त्या म्हणाल्या. "मी न्हाई दिला. मी सांगनार."

बसवंतराव अंगणात जाऊन बसले, आणि म्हातारीने सांगितलं ते असं. पाटी येण्याआधी रेल्वेचा साहेब अप्पांना भेटला होता. याच रेल्वेवर दुसरीकडे बोरगाव नावाचं स्टेशन आधीच आहे, एका नावाची दोन चालत नाहीत, दुसरं नाव द्या नाहीतर स्टेशन पुढे सरकवतो, म्हणाला. शिवाय आपलं पाणी मचूळ. स्टेशनाला गोड पाणी हवं होतं आणि ते बसवंतरावांच्या विहिरीत होतं. अप्पा सरळ त्यांच्या दारी गेले. जमीन आमची, पाणी तुमचं, तेव्हा नाव तुमचं लागू द्या, म्हणाले. बसवंतराव नको म्हणत होते.

"गुरुसिद्धप्पा, तुमचा गाव तुमाला जगू देनार न्हाई," असं ते म्हणाले होते.

"म्हनून तर कुनाला सांगू नगा," अप्पा म्हणाले, आणि बसवंतरावांचा हात त्यांच्याच गळ्यातल्या लिंगावर ठेवला.

म्हणजे तू डांबर ओतत होतास तेव्हा दोघांनाही खरं माहीत होतं. एकाने शब्द पाळला. दुसऱ्याला, आपल्याच अप्पांना, पोटच्या पोराला थांबवायचं धाडस झालं नाही. मला त्यांचा राग आला शिवा. दोन दिवस समाधीवर बेल वाहायला गेले नाही. मग गेले. गावाला गाडी मिळावी म्हणून त्यांनी नाव सोडलं, आणि नावापायी तू गेलास. याहून मोठी शिक्षा त्यांना आपण काय देणार?

त्या दिवशी मी अंगणात जाऊन बसवंतरावांच्या पाया पडले. त्यांनी एवढंच विचारलं, "शिवरुद्र येतील का?"

मी हो म्हणाले नाही. तुझ्या वतीने गंगूशी खोटं बोलते तेवढं पुरे आहे. पण तू आलास तर त्या माणसाच्या पुढे तुला काय करायचं ते कोणी सांगायला नको. आणि सेलूला उतरून चालत येऊ नकोस. शपथ मोडते म्हणशील, तर ज्या पाटीवर तू डांबर ओतलंस ती अप्पांनीच लावली होती. मुलाने बापाच्या पाटीखाली उतरावं, यात कसली शपथ मोडते?

परवा लग्नाची लुगडी घ्यायला सेलूला गेले होते. येताना खिडकीशी उभी राहिले आणि तिकीटबाबूला म्हटलं, "हिवरी." त्याने दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. जीभ जड झाली होती, पण निघालं नाव.

गाडी फार वेळ थांबत नाही. डबा पुढचा धर, म्हणजे पाटीच्या समोर उतरशील. गंगू आणि मी तिथेच उभ्या असू.

तुझी अक्का,
भागम्मा
मु. बोरगाव, स्टेशन हिवरी