राणीचं डोकं कुणाच्या मांडीवर?

आदरणीय वन्सं यांस, धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

मोतीबिंदू काढलेला डोळा कसा आहे? डॉक्टरांनी बारीक अक्षर वाचायला मनाई केल्याचं कळलं, म्हणून मुद्दाम भोपळ्याएवढी अक्षरं काढतेय. (कागद जास्त लागले तरी लागोत.) बातमी अशी, की तुमची भावजय एम.ए.ला वर्गात पहिली आली! बसून वाचा. बसला असाल, तर टेकून बसा.

तीस वर्षं नर्स म्हणून राबल्यावर निवृत्तीत काय करायचं, म्हणून मी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. तिथे एक जुनी शोकांतिका नेमलेली. राजा दिलेल्या शब्दापायी वेशीचे दरवाजे बंद करतो, बाहेर राहिलेला मुलगा मारला जातो, राणी विष घेते. मी पहिल्या वाचनाला ढसाढसा रडले. सर म्हणाले, रडू नका, सिद्धांत लावा. मग दर आठवड्याला नवा सिद्धांत. एकदा कळलं की राजा मनातून आपल्या आईला भितो (ती बिचारी नाटक सुरू होण्याआधीच गेलेली). पुढच्या आठवड्यात सगळं भांडण धान्याच्या कोठारावरून निघालं. त्यानंतरच्या सिद्धांतात लेखकच मेला. मी हजारो मृत्यू पाहिलेत वन्सं, पण माणूस मेला म्हणून त्याचं मत विचारायचं नाही, हे सोयीचं वाटलं. शेवटी अर्थ हा ओल्या साबणासारखा हातातून निसटतो असं ठरलं आणि परीक्षा आली.

तोंडी परीक्षेला आमचे सर, एक बाई आणि बाहेरून आलेले दाढीवाले परीक्षक. माझी पाठ केलेली सगळी वाक्यं साबणासारखी निसटली. मग जे येत होतं तेच बोलले. विष घेतल्यावर राणी त्रेपन्न ओळी बोलते. (मी मोजल्यात. घशाला सूज आल्यावर माणसाला पाणी मागता येत नाही, ही भाषण करते.) दाढीवाले म्हणाले, "बाई, ही शोकांतिका आहे, रुग्णालय नव्हे."

मी म्हटलं, "असेल सर. पण त्या त्रेपन्न ओळी राणीचं डोकं कुणाच्या मांडीवर होतं?"

तिघांनी पुस्तकं चाळली. 'दासी राणीला सावरते', एवढंच सापडलं. पुढे दासीचं नावही नाही. राजा रडतो, पडदा पडतो, पण तिला कुणी ऊठ म्हणत नाही. मी सांगितलं, माणूस गेल्यावर घरचे रडतात, तेव्हा कुणीतरी त्याचे डोळे मिटत असतं, तोंड पुसत असतं. ते काम मी केलंय. ती दासी अजून तिथेच बसलीय, पाय बधिर झालेत तिचे.

दाढीवाल्यांनी पेन खाली ठेवलं. हळूच विचारलं, "तुम्ही नक्की कोणत्या विचारधारेच्या?"

"वॉर्ड नंबर चार," मी म्हटलं.

मग हा कोणता सिद्धांत यावरून तिघांची अशी जुंपली, की मला बाहेर बाकावर बसवलं. आत बोलावून हात मिळवला तो दाढीवाल्यांनीच!

घरात सर्वांना यथायोग्य सांगणे.

तुमची,
भावजय

ता. क. खरं काम हे. तुमच्या बंधूंना यातलं काही ठाऊक नाही. दोन वर्षं मी गुडघ्यांच्या व्यायामवर्गाला जाते असं सांगितलंय. (या वयात हिला काय सुचलं, असं म्हणतील ही धास्ती.) पदवीदानाआधी येऊन तुम्हीच सांगा, तुमच्यापुढे ते मान वर करत नाहीत.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायला त्यांच्याकडे दिलं, तर म्हणाले, "पहिली आलीस ते लिहिलंस ना ताईला?" मी गारच! तर म्हणतात, "गुडघ्यांच्या वर्गाला शब्दकोश घेऊन कोण जातं?" तरी तुम्ही याच.