आंबेहळदीचा वास

प्रिय सत्यजित,

तुझा फोन आई स्पीकरवर टाकते आणि भाजी निवडत ऐकत बसते, म्हणून हे पत्र गॅरेजच्या पत्त्यावर पाठवतेय. एकटा असताना वाच. जपानीची परीक्षा पास झालास, इथे जपानातल्या गॅरेजवाल्यांचं बोलावणं आलं, हे आईनं सगळ्या आष्ट्याला सांगून झालं असेल. इचिकावातल्या माझ्या खोलीत तुझ्या गादीपुरती जागा मोकळी केलीय. पुस्तकं कपाटावर गेली. भाऊ येतोय म्हटल्यावर घरमालकीणबाईंनी कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, जणू सगळा कचरा तूच करणार आहेस.

मी इथे नेमकं काय करते, असं तू सारखं विचारायचास. आईला मी 'औषधी वनस्पती' एवढंच सांगितलंय. ती वनस्पती गांजाच्याच कुळातली आहे. आमच्याकडे सरकारी परवाना आहे, रोपांच्या खोलीला दोन कुलपं आहेत. इथल्या देवळांतले दोर जिच्या वाखाचे वळतात, ती उंच, सडपातळ जात ही आई. आणि डोंगराळ मुलखातली बुटकी, रुंद पानांची, चिकट जात हा बाप. त्यांचा हा संकर. फिट्स येणाऱ्या मुलांसाठी त्यातून नशा न आणणारं औषध मिळावं, म्हणून मी यात पडले. पहिली पिढी एकसारखी निघाली. दुसरीत मात्र एकाच आईबापाची भावंडं, एकाच दिव्याखाली वाढलेली, भलतीच वेगळी. एकाला लिंबाच्या सालीचा वास, एकाला पाइनच्या लाकडाचा, एकाला ताज्या मिरीचा. आणि वासावरून आत नशा आहे की औषध, हे सांगता येत नाही, कारण ती कामं वेगवेगळ्या जीन्सची. कुठल्या वासानं झोप येते, कुठल्यानं माणूस खुलतो, हे परदेशातले विकणारे छातीठोकपणे सांगतात. मी संशोधनाचे पेपर वाचते, तर एकात हो असतं, दुसऱ्यात पुरावा नाही. दोन वर्षं यात घालवून मला त्या झाडाबद्दल आधीपेक्षा कमी कळतं असं वाटू लागलंय.

परवा वास ओळखायची पाळी माझी होती. यंत्र अर्कातलं एकेक द्रव्य वेगळं करून काचेच्या नळीतून सोडतं. आपण नळीला नाक लावून बसायचं आणि वास आला की मनात येईल तो शब्द बोलायचा. शेजारी मोरी-सान, माझी लॅबमधली मैत्रीण, टिपून घेत होती. मिर्सीन नावाचं द्रव्य आलं आणि माझ्या तोंडून निघालं, आंबेहळद. तिला काही कळेना. मी सांगितलं, आमच्याकडे मुका मार लागला की उगाळून लेप लावतात. ती समाधानानं लिहू लागली, आणि माझं मात्र पुढच्या वासांकडे लक्षच लागेना.

दिवाळीत मी आले होते तेव्हा आईनं तुझी सॅक धुवायला काढली आणि हा कसला वास म्हणून मला विचारलं. मी हुंगून अगदी खात्रीनं सांगितलं, आंबेहळद आहे, गॅरेजमध्ये काहीतरी लागलं असेल त्याला. तू दारात उभा होतास. "बघ आई, ग्रॅज्युएट नाक," म्हणालास आणि हसत सुटलास. मीही हसले. आता त्या हसण्याचे अर्थ लावत बसते. मिर्सीन आंबेहळदीत असतं, कैरीत असतं आणि गांजातसुद्धा. गांजाला त्याच्या खालून आणखी एक वास असतो, गंधकाचा, उग्र. असतो कणभर, पण नाक सोडत नाही. तुझ्या सॅकला तो होता का? डोळे मिटून आठवून पाहते. कधी होता असं वाटतं, कधी नुसतं ग्रीस आणि घाम. माणसाचा चेहरा हवा तेव्हा आठवतो, आवाज आठवतो, वास असा बोलावून येत नाही. त्या दिवाळीत तुझ्या पायाला किंवा हाताला काही लागलं होतं का, हेसुद्धा मी तेव्हा बघितलं नाही.

म्हणून तुलाच विचारते, सत्या. ती खरंच आंबेहळद होती का? नसेल, तर ते घेतल्यावर तुला काय होतं, तेही लिही. ते माझ्या कुठल्याच पेपरात नाही. बाबा गेल्यापासून तुला झोप लागत नाही, हे मला आईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तू 'नाही' लिहिलंस तर माझा विश्वास बसेल का, सांगता येत नाही. 'हो' लिहिलंस तर तुला तिथे एकटं ठेवणं बरं की इथे माझ्याजवळ आणणं, हेही कळत नाही. आता इथे नुसतं ओढणं हासुद्धा गुन्हा आहे, आधी तुरुंग आणि मग परत पाठवणी. तुझं तिकीट काढलं असं मी आईला सांगितलंय. काढलेलं नाही. तुझ्या उत्तरासाठी थांबलेय, आणि कुठल्या उत्तरावर ते काढायचं, हे माझं अजून ठरत नाही.

तुझीच,
चैत्रालीताई