भोपळ्याची पहिली चीर

बडोदे, २८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. पद्माकरकाकांस,
मधुवंतीचा सा. न. वि. वि. फोनवर तुम्ही निम्मं ऐकता आणि उरलेल्या निम्म्यावरून मला रागावता, म्हणून पत्र.

बाबा गेले तरी त्यांनी लावून दिलेलं चालू आहे. बाजव्याकडचे प्रतापसिंह रोज शेतातली भाजी आमच्या तरसालीच्या शाळेत पोचवतात आणि दुपारच्या जेवणात पोरं ती चाटूनपुसून खातात. त्यांतली काडीसारखी सानवी वर्षात चार किलोंनी वाढली.

पण बुधवारी भोपळा असतो. स्वयंपाक करणाऱ्या दुर्गाबेन अख्ख्या भोपळ्याला सुरी लावत नाहीत. त्या म्हणतात, भोपळा म्हणजे घरचा मोठा मुलगा, पहिली चीर पुरुषानेच द्यायची. शाळेत आम्ही सगळ्या बायका, म्हणून बाबाच येऊन द्यायचे. ते गेल्यापासून भोपळे चीर पडूनच येतात. तिरकी चीर, बाबांच्या डाव्या हाताची. प्रतापसिंह शपथेवर सांगतात की अख्खेच पाठवतो. काल ते तपासनीसांनी पाहिलं. कापलेली भाजी चालत नाही, पुन्हा दिसली तर शेताचा माल बंद, असं बजावून गेले. म्हणजे पोरांना परत ती पाणचट डाळ. काका, मला भीती वाटते, आणि कशाची ते धड सांगताही येत नाही.

लोभ आहेच, तो चार ओळींतून कळू द्या.
मधू

पुणे, ३ डिसेंबर

चि. मधूस अनेक आशीर्वाद.
तुझा बाबा, आमचा दत्तात्रेय, जिवंतपणी कुठे वेळेवर पोचला नाही, तो आता दर बुधवारी हजेरी लावतो हे मला पटत नाही. शेतावरचाच कोणी चाकू चालवत असेल. तू स्वतः जा, भोपळा मांडीवर घेऊन ये आणि सगळ्यांदेखत तूच काप. तुझी काकू अजून माझ्यापुढेच भोपळा आणून ठेवते, पण पोरांच्या जेवणापुढे ते राहू दे. अक्षर हललंय ते वयामुळे.

वाट पाहतो, उशीर करू नकोस.
तुझा काका

बडोदे, १९ डिसेंबर

ती. स्व. काकांस, सा. न.
तुमचं पत्र येईपर्यंत भोपळा आणवलाच नाही. मागच्या बुधवारी मी स्वतः देठापासून तोडला, रिक्षात मांडीवर धरला. तपासनीसांनी हात फिरवून पाहिला, ओरखडाही नव्हता. सगळ्यांसमोर सुरी टेकवली. जोर लावावाच लागला नाही. भोपळा उलगडला. आत सगळ्या फोडी आधीच झालेल्या होत्या, तिरक्या.

तपासनीस माल चालू ठेवावा असा शेरा लिहून, जेवायला न थांबता निघून गेले. पोरं नेहमीसारखी जेवली.

भांडी घासून झाल्यावर रिकाम्या स्वयंपाकघरात मी बाबांना म्हटलं, आता राहू द्या, मी कापत जाईन, पोरं उपाशी राहणार नाहीत.

काल पुन्हा तसाच भोपळा आणला. सुरी अर्ध्यात अडकली. दुर्गाबेननी माझ्या हातावर हात दाबला तेव्हा कुठे तो फुटला. आत नुसता गर आणि बिया. त्यांना हायसं वाटलं. मी मात्र पोरांसमोर रडले, काका. बाबा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते.

काकूंना नमस्कार. मला असंच सांभाळून घ्या.
मधू