पोस्टरवरचं नाव

सूनबाई,

मी खासदारांच्या कार्यालयात चाललोय. रात्रपाळीवरून आलीस की आधी हे वाच.

काल मी एकटाच तिथे जाऊन आलो, पण तुला सांगायचा धीर झाला नाही. आपलं पत्र तिथे पोचलंच नव्हतं. चूक माझी आहे. 'मीच लिहितो' म्हणून हट्ट धरला आणि नाक्यावरच्या पोस्टरवरून नाव-पत्ता उतरवला. कारकून म्हणाला, "आजोबा, त्या बाई निवडणुकीत पडल्या की! हरलेल्यांची पोस्टरं कोण काढत बसतंय?" आपले तीन आठवडे त्यात गेले.

आता त्याने सांगितलं तसं नव्याने लिहिलंय. वर 'माननीय खासदार' आणि खरं नाव. खाली आपला पत्ता आणि मतदार क्रमांक, म्हणजे आपण त्यांच्याच मतदारसंघातले हे त्यांना कळतं. तुझं ओळखपत्र कपाटातून घेतलंय. दहा वाजता तूही फोन कर. त्यांच्या सहायकाला फोनवर बोलाव आणि ठासून सांग, की आपल्या पोराची बोट लागली त्या परदेशी बंदरातलं इस्पितळ शुक्रवारपर्यंतच थांबणार आहे. मग ते त्याला तिकडेच पुरतील.

अजून एक. मी 'मुलाला घरी आणा' असं लिहिलं होतं. कारकून म्हणाला, वाचणाऱ्याला वाटेल मुलगा नोकरी सोडून येतोय, 'मृतदेह' लिहा. मला तो शब्द लिहिता येईना. त्याने कागदावर काढून दिला, त्याखाली मी गिरवला.

फोनवर तुलाही तोच शब्द बोलावा लागेल.

बाबा