तुळशीच्या काढ्यातली चांदी

२३ फेब्रुवारी १९९८, सोमवार
जमलं! तुळशीच्या काढ्यात चांदीचा क्षार घातला आणि तासाभरात द्रावण तपकिरी झालं, फिल्टर कॉफीच्या दुसऱ्या डिकॉक्शनसारखं. तळाशी गाळ नाही. चांदीचे कण तरंगतच राहिलेत.

२५ फेब्रुवारी
जंतूंच्या प्लेटवर, त्या द्रावणात भिजवलेल्या चकतीभोवती स्वच्छ कडं – गळवाच्या पुवातले जंतू तिथं वाढलेच नाहीत. नरसिंहराव सर म्हणाले, पुन्हा करून दाखव. सहा वर्षं माझे गाईड आहेत, एकदा हसायला काय जातं त्यांचं?

२ मार्च
काळा गाळ. सलग चौथ्यांदा. पाणी बदललं, बाटल्या बदलल्या. काढा नेहमीसारखा सासूबाईच करतात – मी आणलेल्या डिस्टिल्ड पाण्यात, सकाळी माझा डबा भरता भरता – आणि थर्मासमध्ये ओतून देतात. परसातली तुळसही तीच. मग चुकतंय कुठं? थकले.

१० मार्च, मंगळवार
आज पुन्हा तपकिरी! काही म्हणजे काही वेगळं केलं नव्हतं. सरांना शुक्रवारी बघायला बोलावलंय. फेलोशिप ३१ला संपते. जमलं तर वर्षभर वाढेल, नाही तर सहा वर्षं पाण्यात.

१३ मार्च
सरांसमोर गाळ. ते रागावलेसुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं. एकतीसला लॅबची किल्ली ऑफिसात दे, म्हणाले. मल्लेश्वरमच्या लॅबपासून घरापर्यंत चालत आले. बसमध्ये कुणी ओळखीचं भेटायला नको होतं.

१९ मार्च
टेबल आवरतेय. घरी अजून सांगितलेलं नाही. रोज थर्मास नेते आणि बेसिनमध्ये ओतते. लाज वाटते.

२५ मार्च, बुधवार
लवकर जाग आली. परसात सासूबाई तुळशीला हात न लावता दोड्डपत्रे खुडत होत्या – ओव्याच्या वासाची ती जाड, लवदार पानं.

"आई, हे कशाला?"

"आज द्वादशी की गं. द्वादशीला तुळस तोडत नाहीत. तुझं काम अडायला नको म्हणून हेच स्वल्प उकळून देते. मागच्या दोन द्वादशींनाही हेच दिलं होतं."

कॅलेंडर काढलं. तेवीस फेब्रुवारी. दहा मार्च.

थर्मास घेऊन निघालेय. अजून सहा दिवस आहेत.