मला वकील लागत नाही

४ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ

गच्चीवर किरकोळ प्रकार. उद्या कुणी तिखटमीठ लावून सांगू नये म्हणून लिहून ठेवतो.

नगातने धुतलेल्या दोन्ही रजया दोरीवर होत्या. अत्रीसची कबुतरं येऊन बसली आणि कबुतरांनी जे करायचं ते केलं. नगात म्हणाली, परत धुते, जाऊ दे. बायकोने जाऊ दे म्हटल्यावर नवऱ्याला वर जावंच लागतं. गेलो. अत्यंत सभ्य भाषेत अत्रीसला आणि त्याच्या कबुतरांना एकाच घरट्यातले म्हणालो. अत्रीस आमच्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो. कबुतरं पाळल्यापासून त्याला वाटतं, सगळं दुम्यात शहर त्याच्या खाली आहे. तो मला साहेबासारखं बे लावून म्हणाला, बहगत बे, हवेत राग धरू नका, सर्दी होईल.

कबुतरं उडवायची लांब काठी त्याच्या हातात होती. ती मी काढून घेतली. दुसऱ्या टोकाला तो होता. पाण्याच्या टाकीपाशी पडला आणि मनगट धरून बसला. त्याला इस्पितळात नेलं. याला मारामारी म्हणत नाहीत.

नगात म्हणते, शाहिनाजला आत्ताच्या आत्ता फोन करा. शाहिनाज म्हणजे तिच्या बहिणीची मुलगी. फौजदारी वकील. मी म्हणालो, वकील चोरांना लागतो. शिवाय मी तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली आणि आमची कचेरी कोर्टाला लागून होती. मधे एकच भिंत. कायदा माझ्यात झिरपलाय. नगात म्हणाली, भिंतीतून पाणी झिरपतं.

उजवा खांदा जरा चुणचुणतोय. हवेतला बदल.

५ ऑक्टोबर, सकाळ

अत्रीसने तक्रार नोंदवली. मनगट मोडलंय. डॉक्टरने दाखल्यात तीन आठवड्यांहून जास्त उपचार लिहिलेत, आणि तेवढे लिहिले की कलम बदलतं, असं निरोप घेऊन आलेला शिपाई म्हणाला. संध्याकाळी ठाण्यावर या, वकील असेल तर घेऊन या, असंही म्हणाला. मी म्हटलं, मीच येतो, तेवढं पुरे. तो पोर्चमधून बाहेर पडेपर्यंत मागे वळून बघत होता. छाप पडली.

नगातने माझ्या पाठीमागे फोन केलाच. शाहिनाजचा निरोप असा: काका, मी सुनावणीसाठी मन्सूराला आहे, उद्या येते. तोवर एकच वाक्य बोला, माझी वकील आल्यावर जबाब देईन. त्यापुढे एक अक्षर नको, चहासुद्धा गप्प बसून प्या.

वडीलधाऱ्यांशी बोलायची पद्धत राहिली नाही. लहान असताना हीच पोरगी माझ्या मांडीवर बसून खजूर खायची.

५ ऑक्टोबर, रात्रीचं जेवण झाल्यावर

ठाण्यावर उत्तम झालं. अधिकारी तरुण आणि अदबशीर. त्याने स्वतः विचारलं, वकिलासाठी थांबायचं का. मी म्हणालो, लिहायला घ्या. चहा आला. मग मी सुरुवातीपासून सांगितलं, म्हणजे अत्रीस इमारतीत राहायला आला तेव्हापासून. लिहिणाऱ्याचा हात दुखायला लागला तेव्हा मीच सावकाश बोललो. कुठे स्वल्पविराम, कुठे पूर्णविराम, तेही सांगितलं.

अधिकाऱ्याने विचारलं, रागात होतात का. मी म्हणालो, रागात, पण न्याय्य. ढकललंत का. मी म्हणालो, ढकलणं वेगळं आणि मी केलं ते वेगळं, आणि फरक कळावा म्हणून उभा राहून त्याच्यावरच करून दाखवलं. त्याचा चहा सांडला. त्याने लिहिणाऱ्याला सांगितलं, हेही घे. काठी कोणाच्या हातात होती? माझ्या, मी ठणकावून सांगितलं. प्रत्येक पानावर झोकदार सही केली.

निघताना अधिकारी म्हणाला की इतकं सहकार्य करणारा आरोपी त्याने पाहिलेला नाही. हे शाहिनाजला सांगायला हवं. तिला शिकण्यासारखं आहे.

६ ऑक्टोबर

शाहिनाज आली. हातात फाइल, पायात धुळकट बूट. मी ठाण्यावरचं सगळं हौसेने सांगितलं. तिने चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत बसली. मी म्हणालो, दमली असशील. ती म्हणाली, आत्ताच दमले.

मग तिने विचारलं, काका, अत्रीसने आधी तुम्हाला मारलं का?

मी म्हणालो, काठी थोडी हलली. ती म्हणाली, हलून कुठे आली? नगात स्वयंपाकघरातून म्हणाली, उजव्या खांद्यावर आली, वांग्यासारखा झालाय, काल अंगरखा घालता येत नव्हता. शाहिनाज ताठ बसली. म्हणाली, हे जबाबात आहे? मी म्हणालो, अर्थातच नाही. बहगत अल-मन्शावीला एका कबुतरवाल्याने फडकं बांधलेल्या काठीने हाणलं, हे सरकारी कागदावर कायमचं राहू द्यायचं?

ती म्हणाली, काका, तोच तुमचा बचाव होता. त्याने आधी मारलं, तुम्ही स्वतःला वाचवायला काठी ओढली. एवढंच. आता उठा, आपण सरकारी इस्पितळात जाऊ, डाग ताजा आहे तोवर दाखला घेऊ. आज घेतला तर कामाचा.

मी सांगितलं, विचार करतो. ती म्हणाली, डाग विचार करत थांबत नाही.

विचार केला. नाही म्हणजे नाही. इस्पितळातला कंपाउंडर आमच्याच गल्लीतला.

७ ऑक्टोबर

कापराचं मलम. डाग जांभळा.

९ ऑक्टोबर

डाग पिवळा. माझं रक्त फार चांगलं आहे. शाहिनाजचे फोन येताहेत. उचलत नाही.

आज स्वतःच सूत्रं हाती घेतली. गच्चीवर त्या वेळी आमच्या इमारतीतल्या करीमानबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. साक्षीदाराच्या मनात गोंधळ राहू नये म्हणून त्यांच्या दारी गेलो आणि त्यांनी काय पाहिलं ते त्यांना समजावून सांगितलं. दारातच उभ्या होत्या, आत या म्हणाल्या नाहीत. मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आवाज थोडा मोठा, कारण त्यांच्या घरात टीव्ही चालू होता. शेवटी म्हणालो, खोटी साक्ष देणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कायद्याची माहिती दिली. दार लागलं.

कामगिरी फत्ते.

१० ऑक्टोबर

करीमानबाईंच्या मुलाने ठाण्यावर जाऊन सांगितलं की मी त्याच्या आईला धमकावलं.

शाहिनाज फोनवर न ओरडता बोलली, ते जास्त वाईट. म्हणाली, करीमानखाला परवाच मला भेटल्या होत्या. अत्रीसने आधी काठी मारली, असं सांगायला तयार होत्या. तुम्हाला कळवायला चार फोन केले. आता म्हणतात, माझी पाठ होती, मी चादर पिळत होते.

डाग गेला. खांदा अगदी कोरा. आनंद व्हायला हवा होता.

१२ ऑक्टोबर, रविवार, पहाटे

आज सरकारी वकिलांसमोर चौकशी. निर्धार: विचारतील तेवढंच बोलायचं. निळा कोट घालतो. नगात पिशवीत टूथब्रश आणि लोकरी मोजे भरते आहे. मी म्हणालो, दुपारच्या जेवणाला घरी असेन, मासळी घे. तिने मोजे काढले नाहीत.

१४ ऑक्टोबर

परवा आणि काल लिहिता आलं नाही. आत होतो.

कसं घडलं ते लिहितो. सरकारी वकील म्हणजे माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. शाहिनाज शेजारी. तिने आधी सांगितलं होतं की मी पाय दाबला की थांबायचं. पहिल्या तीन प्रश्नांना मी हो, नाही, हो. चौथा प्रश्न साक्षीदारबाईंचा. तिने पाय दाबला. मी सरकारी वकिलांना म्हणालो, साहेब, मला पुष्कळ सांगायचंय, पण या बाई माझा पाय दाबताहेत. पुढे खांद्याचाही उल्लेख केला, कारण आता शाहिनाजला बरं वाटावं असं वाटलं. ते म्हणाले, दाखवा. कोट काढला, सदरा काढला. खांदा दुधासारखा. ते म्हणाले, घाला सदरा, पंखा चालू आहे.

त्यांनी जागीच चार दिवस कोठडी लिहिली, आमच्याकडे सरकारी वकिलाला तो अधिकार असतो. साक्षीदारावर दबाव आणेल, हे कारण.

कोठडीत आठ जण आणि एक खिडकी. पहिल्या दिवशी मी त्यांना बराच कायदा समजावला. दोघांनी माझा सल्ला मानला. ते अजून आत आहेत. दुसऱ्या दिवशी फारसा बोललो नाही. टेकून बसायला भिंत मिळत नव्हती. मोजे उपयोगी पडले.

शाहिनाज रोज कोर्टात उभी राहिली. वय, पत्ता, मधुमेह, आजवर एकही गुन्हा नाही. चार दिवसांचे दोन झाले. बाहेर आलो तेव्हा ती फाटकाशी उभी होती. मी म्हणालो, म्हणजे शेवटी त्यांनी चूक मान्य केली. ती म्हणाली, काका, गाडीत बसा.

नगातने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पाणी तापत ठेवलं. एक टोमणासुद्धा नाही. काळजी वाटली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज समेट. शाहिनाजचं म्हणणं, आता एकच वाट उरली, अत्रीसने माफ करायचं. नाही केलं तर शिक्षा होऊ शकते आणि या वयात ती लहान नसते. गल्लीतले हाज बिस्यूनी मध्यस्थ. अत्रीसने बैठकीला होकार दिला, याचं मला नवल वाटलं नाही. दबला असणार.

मिशब्बिकचा, म्हणजे आमच्याकडच्या जिलेबीचा, मोठा डबा घेऊन वर गेलो. पाक सदऱ्याच्या बाहीवर गळला. शाहिनाजने तीनच शब्द पाठ करून घेतले होते: चुकलं, माफ कर.

मी तोंड उघडायच्या आधी अत्रीसच बोलला. म्हणाला, बहगत, मला एक सांगायचंय. काठी आधी मी मारली. रागाच्या भरात. वाटलं होतं तू ठाण्यावर ते पहिल्यांदा सांगशील. माझ्या वकिलाने ठाण्यावरचा तुझा जबाब वाचून दाखवला तर त्यात अवाक्षर नाही. मला वाचवायला गप्प राहिलास. मी इतका मोठा माणूस नाही. आण तो कागद, सही करतो.

हाज बिस्यूनींनी डोळे पुसले. शाहिनाजने माझा पाय दाबला. फार जोरात दाबला.

पण सत्य ते सत्य. मी म्हणालो, अत्रीस, गैरसमज नको. तुझी काठी मला लागलीच नव्हती.

अत्रीस म्हणाला, लागली नाही? माझी काठी? मी म्हणालो, वाऱ्यासारखी बाजूने गेली. तो म्हणाला, तीस वर्षं मी त्या काठीने आभाळातून पाखरू उतरवतोय आणि हातभरावरचा हा पिंपासारखा माणूस चुकेन? मी म्हणालो, चुकलास. त्याने पेन खाली ठेवलं. शाहिनाजने डोळे मिटून घेतले. हाज बिस्यूनी म्हणाले, अरे, एक म्हणतो मी मारलं, दुसरा म्हणतो मला लागलं नाही, मग मी इथे कशाला आलोय?

तेव्हा नगात बोलली. इतका वेळ दाराशी होती. म्हणाली, अत्रीसभाऊ, लागली. बरोबर मधोमध लागली. चार दिवस मी मलम चोळलं. हे उशीत तोंड घालून आई आई करायचे, खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

अत्रीसने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. तो म्हणाला, आई आई? नगात म्हणाली, पहाटे फजरच्या बांगेपर्यंत.

त्याने पेन उचललं आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. मग मिशब्बिकचा तुकडा मोडला आणि पहिला मला दिला.

१९ ऑक्टोबर

समेटाचा कागद दाखल झाला. प्रकरण बंद. शाहिनाजला म्हणालो, एकंदरीत बरं हाताळलंस. ती म्हणाली, काका, पुढच्या वेळी मला आधी बोलवा. मी म्हणालो, पुढची वेळ येणार नाही. ती म्हणाली, तरीही, आणि फाइल घेऊन मन्सूराच्या गाडीला गेली.

गल्लीत ताठ मानेने चालण्याचा बेत होता. भाजीवाल्याने विचारलं, खांदा कसा आहे, आई आई?

२१ ऑक्टोबर, दुपार

नगातने अत्रीससाठी मुलूखियाच्या पालेभाजीचं पातेलं दिलं आणि वर पाठवलं. म्हणाली, मी नाही, तुम्ही जा.

दार उघडंच होतं. तो पलंगावर बसलेला, सदरा अंगावर, पण उघडा. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्याने खालचं बटण धरून होता. बहुधा बराच वेळ. म्हणाला, ठेव तिथे, जेवतो नंतर, आधी हे जमू दे.

समेटाच्या दिवशी त्याची बटणं कोणी लावून दिली असतील, कोण जाणे. त्याची मुलगी कुवेतला असते.

मी पातेलं ठेवलं. त्याच्यासमोर बसलो. एक एक बटण लावत वर गेलो. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. त्याने हनुवटी वर धरली होती, मुलं धरतात तशी.

गळ्यापाशी आलो तर एक काज जास्त उरलं. सगळी काढली आणि परत खालपासून लावली.